भास्करमामांनी दाखवलेलं पान

तमाम बीड जिल्ह्यातल्या उपवर मुलामुलींच्या पालकांना कळविण्यास अत्यंत आनंद... माफ करा, अत्यंत दुःख होते की, आमचे चुलतमामा भास्करराव गेल्या महिन्यात वारले. आता सोयरिकी निर्धास्त जुळवा.

मामा पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या नोंदींच्या कॉम्प्युटरवर बसत. कुणाची सोयरीक ठरतेय असं कानावर आलं, की मुलाच्या नावाची नोंद छापायची, काळ्या रेक्झिनच्या पिशवीत घालायची आणि नेमकं कुंकू लावायच्या कार्यक्रमाला हजर व्हायचं. पाहुण्यांना बाजूला घेऊन एक कागद दाखवायचा. त्यात मिळकत एकच : पहिल्या पंगतीतला मान, आणि सगळे आपल्याला भितात हे सुख.

माझा धाकटा भाऊ सुभाष गेवराईला वाळूच्या ट्रॅक्टरवरून झालेल्या हाणामारीत नाहक गोवला गेला होता. कोर्टानं निर्दोष सोडलं होतं. त्याच्या कुंकवाला मामा आले, पेढा खाल्ला आणि मुलीच्या बापाच्या हातात कागद ठेवला. "सुटलाय हो तो!" म्हणून आम्ही घसा फोडला, पण छापील कागदापुढं आमचं कोण ऐकतो? निकालाची प्रत काढून आणेपर्यंत मुलीचं दुसरीकडं जमलं. कुंकवाच्या दिवशीच मी मामांना विचारलं होतं, "मामा, कावून केलं असं?" मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "खरं त्येच दाखवलं बे. माझ्या पदरचं एक अक्षर न्हाई."

मी तक्रार ठोकली. नोंदी त्यांच्याच लॉगिनवरून निघाल्याचं उघड झालं. सरकारी नोंद खासगी कामाला वापरली म्हणून कोर्टानं सहा महिने कैद आणि दंड सुनावला, नोकरी गेली. मी पेढे वाटले... हो, वाटले, लपवायचं काय? सुटून आल्यावर मामा परळीच्या एका कारखान्यावर वॉचमन व्हायला गेले, तर तिथं चारित्र्याचा दाखला मागितला. त्याच कॉम्प्युटरनं मामांचं नाव शिक्षेसकट छापून दिलं! तरी मामी गावभर सांगत, "ह्यांनी खरं दाखवलं, भाच्यानं घात केला." सुभाष अजून बिनलग्नाचा, आणि लोकांच्या मनात अजून तोच कागद.

दहाव्याला फोटोपुढं ठेवायला मामांचा चष्मा हवा होता. मामींनी खुंटीवरची पिशवी काढून सतरंजीवर उपडी केली. चष्मा निघाला, पाठोपाठ कागदांचा गठ्ठा. प्रत्येक नोंदीचं दुसरं पान, निकालाचं, मामांनी टाचणी काढून मागं ठेवलेलं. सगळ्यात वर सुभाषचं. मामी एकेक पान उचलून वाचू लागल्या... निर्दोष... निर्दोष... आणि भरल्या बैठकीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आगं बाई, समदी पोरं सुटल्यालीच हायती की!"