कुलूप लावलेली घरं

"निम्म्या गावाच्या किडन्या खराब? मॅडम, काय लिहून राह्यले तुम्ही?" सरपंच सुनंदाताईंनी आमच्या आरोग्य खात्याच्या सर्व्हेचा रिपोर्ट टेबलावर आपटला. "बातमी खामगावापर्यंत गेली. माह्या पोरीचं स्थळ मोडून राह्यलं!"

नांदुऱ्याकडचं खाऱ्या पाण्याचं गाव. त्या पाण्याने किडनीचा आजार होताच. पण निम्म्या गावात? हे मलाही पटेना. आकडे माझ्याच सहीने गेले होते. सर्व्हेसाठी घरोघरी फिरलेल्या दोघांना बोलावलं.

"किती वाजता गेलात?"

"दुपारी, मॅडम."

"कुलूप दिसलं की काय केलंत?"

"बाजूचं घर घेतलं."

मी कपाळावर हात मारला. दिवस कापूस वेचणीचे. धडधाकट माणसं वावरात. घरी फक्त म्हातारी आणि आजारी. आम्ही गाव मोजलंच नव्हतं.

सिंपल रँडम सॅम्पलिंग म्हणजे प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखीच संधी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण तळाचं करपलेलंच शीत उचललं तर सगळा भात करपलेला वाटणार.

सर्व्हे पुन्हा करू म्हटलं, तर माझे साहेब म्हणाले, "आता वेळ कुठे आहे?"

"चूक माझी आहे सर. माझ्या रजेत करते."

सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून घमेल्यात टाकले, नीट कालवले. चिठ्ठ्या सुनंदाताईंनीच काढल्या. चौथी उघडली आणि त्यांनी ती मुठीत मिटली. घर त्यांचंच होतं.

"मॅडम, हे वापस टाका ना," त्या हळूच म्हणाल्या. "मालकाची दवाई चालू हाय. किडनीचीच. कोणाले सांगतलं नाही."

मला वाईट वाटलं. पण मी नकारार्थी मान हलवली. "ताई, एक घर वगळलं की पुन्हा तेच झालं."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "हाव. लिहा मंग."

या वेळी कुलूप दिसलं तर घर बदललं नाही. सकाळी सहाला, लोक वावरात निघायच्या आत, पुन्हा गेलो. आजारी घरं पहिल्यापेक्षा बरीच कमी निघाली. साहेबांनी जुना रिपोर्ट मागे घेतला.

नवा रिपोर्ट सुनंदाताई स्वतः मुलाकडच्या पाहुण्यांकडे घेऊन गेल्या. नवऱ्याचं आजारपणही सांगून आल्या. महिन्याभराने पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या, तेव्हा माझेच डोळे भरून आले.

आता कुणीही रिपोर्ट आणला की आकडे मी नंतर बघते. आधी विचारते, "कुलूप लावलेल्या घरांचं काय केलंत?"