सारजाबाईनं सोडवलेली कडी

कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिची आई नको, हा कायदा कोण्या शहाण्यानं केला? निजामाच्या अमदानीत मानवतकडच्या एका जचकीखान्यात, म्हणजे बाळंतपणाच्या सरकारी दवाखान्यात, तो होता.

तिथं सारजाबाई सुईण होती. दैवशाला नावाची पहिलटकरीण भेदरून आखडली, बाळ अडलं, आणि तिची आई बंद दाराबाहेर उभी. बाई अडली की बाळ सुटावं म्हणून गाठी-कुलपं सोडायची आमची रीत. सारजाबाईनं दैवशालाचे केस सोडले, पेटीचं कुलूप काढलं.

तिथल्या नर्सबाई हसल्या. "आता काय राहिलं गं?"

"दाराची कडी राहिली की, बाई. सरकारी हाय, म्हणून सुटंना."

नर्सबाईंनी कडी काढली. आई आत येऊन पाठ चोळू लागली. दैवशाला सैलावली, बाळ रडलं. पुढं सारजाबाईनं ती कडी कधी लागू दिली नाही.

तुमच्या गावच्या दवाखान्यात अशी कडी लागलेली दिसली, तर तुमच्या हातानं काढा.