भालूचा उन्हाळा

मी निघालो त्या दिवशी जानेवारीची थंडी होती आणि कुडवा गावातल्या आमच्या अंगणात भालू माझ्या बॅगेवर बसून होता. भालू म्हणजे आमचा सेंट बर्नार्ड. वासराएवढा, आणि अंगावर दोन गोधड्या घातल्यासारखे केस. एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी हे पिल्लू बाबांच्या हवाली केलं होतं. आता पिल्लू कसलं, त्याला बॅगेवरून उठवायला मी आणि बाबा दोघं लागलो. बाबा म्हणाले, "तू जाय बिनधास्त. आमी आहो ना."

मी कॅनडात आलो. इथे भालूच्या जातीचे कुत्रे बर्फात लोळतात, मालक हाका मारून थकले तरी घरात यायचं नाव घेत नाहीत. मी मात्र दोन स्वेटर घालून कुडकुडतो. आणि आमचा भालू तिकडे नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, जीभ काढून फरशीवर पडलेला. देवानं वाटणी करताना काहीतरी घोळ घातला हे नक्की.

आमच्या घराण्याचा पाण्यावर भारी विश्वास. आजे-पणजे गावोगाव तलाव बांधणारे. ताप येवो, डोकं तापो, बाबांचं औषध एकच. "पान्यानं कोनाचं वाईट केलं नाही," हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. मी गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी भालूलाही तेच औषध दिलं. म्हशीला डुंबायला बोडी, म्हणजे छोटं तळं, लागते, मग याला का नाही? सकाळी शेतातल्या बोडीत डुंबणं, दुपारी अंगावर ओलं पोतं, संध्याकाळी पुन्हा बोडी. व्हिडिओवर मीही खूश व्हायचो. भालू गळ्यापर्यंत पाण्यात आणि बाबा काठाच्या पाळीवर छत्री धरून उभे.

पण म्हशीच्या अंगावर लोकर नसते. भालूचे वरचे केस वाळायचे, आतली लोकर कधी वाळलीच नाही. आधी वास येऊ लागला, मग तो मान खाजवू लागला. आईनं गळ्यातला पट्टा काढला तर खाली मोठी जखम, चिघळलेली. डॉक्टरांनी तिथले केस कापले आणि पाणी बंद केलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "आता कसं करू, तूच सांग." जन्मभर मला सांगत आलेला माणूस मला विचारत होता, आणि मला काय डोंबल माहीत होतं!

मी लांबून एसी बसवून दिला. व्होल्टेज पडलं की तो नुसता भिंतीवर टांगलेला असतो. भालूला इकडे आणावं म्हटलं, तर एवढ्या मोठ्या कुत्र्याला उन्हाळ्यात विमानात घेत नाहीत, आणि माझ्या इमारतीत मांजरसुद्धा चालत नाही. आता बाबा त्याच्याजवळ बसून फणीनं केस उकलतात, बोटं मुळापर्यंत घालून ओल चाचपतात. स्वतः बोडीवर जाणंही त्यांनी सोडलंय, कारण ते निघाले की भालू मागे लागतो.

गेल्या आठवड्यात मी नेहमीसारखा फोन लावला आणि लाडानं हाक मारली, "भालू, ए भालू." तो उठला. फोनच्या मागे जाऊन पाहिलं, मग भर दुपारी थेट फाटकाशी जाऊन उभा राहिला. बाबा ओढत होते, तो हलेना. आत आणला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं आणि डॉक्टर येईपर्यंत मी पडद्यावर त्याचं पोट भात्यासारखं हलताना पाहत होतो. तो वाचला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाबू, तू बोलत नको जाऊ. तुहा आवाज आयकला का तो उठून जाते. एखाद्या दिवशी हातचा जाईन."

आता मी फोन लावतो आणि माझा माइक बंद ठेवतो. आई बोलते, मी मान हलवतो. "काऊन रे, बारीक दिसून राहिला?" ती विचारते, मी पोट थोपटून दाखवतो. तिच्या मागे बाबा फणी फिरवत असतात, भालू झोपलेला असतो. माझ्यासारखे जे गेले, त्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का. मला घर रोज दिसतं. फक्त तिथे मी हाक मारायची नाही.