बरोबरीचा नियम

बुद्धिबळाच्या स्पर्धेत दोघांचे गुण सारखे झाले, की ते ज्यांच्याशी खेळले त्यांचे गुण मोजतात. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकलेले, तो पुढे. म्हणून शेवटच्या फेरीत माझा डाव आटोपल्यावर मी शाळेच्या त्या हॉलमध्ये निवृत्त पोस्टमास्तर सावंतकाकांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पहिल्याच फेरीत मी त्यांना हरवलं होतं. आता ते जिंकले, तर तिसरा क्रमांक माझा होता. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी देवाचा धावा करत होतो.

काकांनी राजा आडवा केला. मला पाहून ओशाळले. "माफ करा हो, माझ्यामुळे तुमचं गेलं," म्हणाले.

ऑफिसात माझ्या बरोबरीच्या कुलकर्णीला मागे टाकून मला बढती मिळाली, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. कुलकर्णीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला लावणारा नियम तिथे नव्हता.

काका सोंगट्या डब्यात भरत होते. दिवसभरात सगळे डाव हरले होते. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण तेवढ्यात भिंतीवर निकाल लागला आणि मी तिकडे वळलो.