घराला एक मागणं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही चर्च बांधलं नव्हतं, तरी लग्न झाल्यापासून मी चर्चच्या बांधकामातच राहत आले.

हे एका छोट्या अमिरातीच्या दिवाणात नोकरीला होते. दिवाण म्हणजे तिथल्या शेखांचं कार्यालय. अठ्ठावीस वर्षं. मेजवान्यांची आमंत्रणं, पाहुण्यांनी कोणाशेजारी बसायचं, आणि लोकांचे अर्ज शेखांपुढे नीट मांडणं, हे यांचं काम. आमंत्रणाची उरलेली कार्डं हे घरी आणायचे. जाड, पांढरीशुभ्र, सोनेरी कडेची. त्यांच्या पाठीवर हे चर्चचे नकाशे काढायचे. वेदी कुठे, गायकमंडळ कुठे, चपला कुठे काढायच्या. माझ्या रेसिपीच्या वहीत इंदियालच्या, म्हणजे आमच्या तिखट-आंबट मटणाच्या, पानावर मला एकदा कबुलीजबाबाच्या खोलीची मापं सापडली. मी भांडले. हे म्हणाले, “अगं, हाताशी तेवढाच कागद होता.”

वेड म्हटलं तरी त्यामागचं दुःख खरं होतं. त्या अमिरातीत चर्च नव्हतं. आम्ही राहायला शेजारच्या अजमानमध्ये, आमच्याकडे गाडी, आम्ही रविवारी कुठेही जाऊ शकायचो. पण यांच्या ओळखीचे शेकडो कामगार कॅम्पमध्ये राहायचे. वसईचे, गोव्याचे, केरळचे, फिलिपिन्सचे. त्यांना मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि पोचल्यावर ऑगस्टच्या उन्हात आवारात उभं राहून भोंग्यावर प्रार्थना ऐकावी लागायची. तिथे जमीन विकत घेऊन चर्च उभारता येत नाही. जमीन शेखांनी द्यावी लागते. आणि शेखांपुढे कसं मागायचं हे आमच्या अख्ख्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकाच माणसाला ठाऊक होतं.

मागण्याचा तिथे एक रिवाज होता, आणि त्याला नियमाचं रूप यांनीच दिलं होतं. पूर्वी धीट माणसं तीन-तीनदा मागून न्यायची आणि भिडस्त माणसं आयुष्यभर दाराशी बसायची. यांनी एक नोंदवही सुरू करवली. घराला एक मागणं. एकदा मान्य झालं की त्या घराचं पान बंद. या नोंदवहीचा यांना फार अभिमान. “फेअर सिस्टिम आहे,” असं घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. स्वतः अठ्ठावीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. आमचं पान कोरं होतं.

मग माझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आम्हाला मूल नाही. रक्ताचा म्हणावा असा एकच भाऊ, तोही दुबईच्या देऱ्यात एका ट्रेडिंग ऑफिसात. त्याची किडनी जुळली. “ताई, एक तर एक, मला दोन कशाला हव्यात,” म्हणाला आणि हसला. मी मात्र रडले. ऑपरेशन जूनमध्ये ठरलं. यांची निवृत्ती मार्चअखेर. नोकरी संपली की व्हिसा संपणार, इन्शुरन्स संपणार, आणि इन्शुरन्सशिवाय ते ऑपरेशन आमच्या सात पिढ्यांना झेपलं नसतं.

म्हणून ठरलं. निवृत्तीच्या वेळी शेख जुन्या माणसाला समोर बसवून कॉफी देतात आणि विचारतात, तुला काय हवं? यांनी मागायचं, नोकरीत एक वर्ष वाढ. एवढंच. मी यांच्याकडून ते वाक्य अरबीत पाठ करून घेतलं. ज्याने हजार लोकांची वाक्यं लिहून दिली त्याच्याकडून! मूर्खपणाच, पण जिवाची भीती माणसाला असंच करायला लावते.

गुरुवारी सकाळी मी गाडीत एसी लावून दिवाणाच्या बाहेर थांबले. तासाभराने हे बाहेर आले. गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि म्हणाले, “दिलं.”

मी तिथेच यांचा हात धरून देवाचे आभार मानले. यांनी हात सोडवला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, भरून आलंय.

भावाला फोन केला. त्याने त्याच दिवशी साहेबाकडे जूनची रजा टाकली. शुक्रवारी तो जेवायला आला. डॉक्टरांनी मला मीठ-मसाला बंद केला होता, तरी मी त्या दोघांसाठी इंदियाल केलं, मैद्याचे फुगे तळले. भाऊ बोलत होता, “भाऊजी, शेखसाब मान गये! यल्ला, आता जूनची तयारी!” हे खाली मान घालून जेवत होते. तीन फुगे खाल्ले. तो आकडा मला अजून आठवतो, कारण नंतर मी शेकडो वेळा मनात विचारलं आहे की ते यांच्या घशाखाली उतरले कसे.

रविवारी मिस्सा संपताना फादर हातात माईक घेऊन म्हणाले, एक आनंदाची बातमी आहे. आपल्याला नव्या चर्चसाठी जमीन मिळाली आहे. आपल्यातल्या एका माणसाने आपल्या निवृत्तीच्या वेळी स्वतःसाठी काहीही न मागता ती मागितली.

अख्खं चर्च टाळ्या वाजवत उभं राहिलं. माझ्या पुढच्या बाकावरची केरळी नर्स वळून माझ्या गळ्यात पडली. “आँटी, यू मस्ट बी सो प्राउड!” मी तिच्या खांद्यावरून यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे मिटून हात जोडले होते. कॅम्पमधली पोरं रडत होती. त्यातल्या एकाने पुढे येऊन वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय करणार होते? तिथे ओरडले असते तर लोक मला सैतान म्हणाले असते.

गाडीत मी विचारलं, “तीन दिवस का बोलला नाहीत?”

“सांगायला तोंड नव्हतं.”

“आणि मागायला होतं?”

हे म्हणाले, “तुझ्यासाठी देव आहे. चर्चसाठी फक्त मी होतो.”

“मग त्या देवाला सांगा, माझा इन्शुरन्स भर म्हणावं.”

मी यांना परत शेखांकडे पाठवायचा प्रयत्न केला. गेले नाहीत. मग म्हटलं, मी अर्ज करते, तुम्ही लिहून द्या. तो मात्र यांनी लिहून दिला. आयुष्यातला सर्वात सुंदर अर्ज असेल. यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. चार दिवसांनी उत्तर आलं, अतिशय अदबीचं. बाईंना लवकर आराम पडो, अल्लाह त्यांचं रक्षण करो. या घराचं मागणं मान्य झालेलं आहे. यांच्या खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाने नोंदवही पाहिली होती, आणि यांनीच शिकवल्याप्रमाणे पाहिली होती. त्याला मी कसा दोष देऊ?

चर्चच्या समितीने यांना बांधकामावर देखरेखीसाठी ठेवून घेतलं. व्हिसा मिळाला, पण त्या साध्या इन्शुरन्समध्ये डायलिसिस बसत नव्हतं. मी एकटी वसईला आले. विमानतळावर हे म्हणाले, “पाया झाला की येतो, इन्शाल्ला.” मी मागे वळून पाहिलं नाही. त्याचा मला आता पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्ताप होतो याचाही राग येतो.

इथे सगळं पहिल्यापासून. पुन्हा तपासण्या, पुन्हा कागद, दात्यासाठी रुग्णालयाच्या समितीची परवानगी. भाऊ नोकरी सोडून आला. आठ महिने गेले, आणि शेवटच्या तपासणीत त्याला मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाची किडनी घेता येणार नाही. बाहेरच्या बाकावर बसून माझा भाऊ म्हणाला, “खलास, ताई,” आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मीच त्याला पाणी आणून दिलं.

आता सोमवार, बुधवार, शनिवार मी खुर्चीत चार तास सुईला जोडलेली असते. यांचा रोज फोन येतो. किती ट्रक माती निघाली, सळ्या आल्या, आवारात हजार माणसं सावलीत बसतील. मी ऐकते. आवाजात इतका आनंद असतो की फोन ठेवावासा वाटतो, आणि फोन ठेवला की दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायला कोणी नसतं.

गेल्या महिन्यात यांनी विचारलं, पायाच्या खड्ड्यात सगळे आपापल्या विनंतीची चिठ्ठी टाकणार आहेत, तुझी काय लिहू?

मी म्हटलं, “लिहा, माझ्या नवऱ्याला घरी पाठव.”

दुसऱ्या दिवशी मशीन चालू असताना फोटो आला. यांचं ते आमंत्रणपत्रिकेसारखं वळणदार अक्षर, माझे शब्द जसेच्या तसे, एक काना इकडचा तिकडे नाही. खाली माझं नाव. पाठोपाठ व्हिडिओ आला. यांनी वाकून ती चिठ्ठी सळ्यांच्या मधोमध नीट ठेवली, क्रूसाची खूण केली, मागे सरले आणि काँक्रीटवाल्याला हाताने इशारा केला.