पायाचं बीपी

१२ जानेवारी, सोमवार. वर्ध्याचा दवाखाना. हजर: डॉक्टर मॅडम, मी, माझे मिस्टर आणि सोबतीला आलेली थोरली जाऊ, शोभाताई.

मॅडमनी आधी माझ्या दंडाचं बीपी घेतलं, मग घोट्याचं.

"पायाचं बी असते का बीपी?" शोभाताई हसल्या.

असतं. माझं घोट्याचं दंडापेक्षा बरंच कमी निघालं. आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, म्हणजे पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होणं.

त्याआधी कित्येक महिने चालताना पोटरी आवळायची, थांबलं की सुटायची. सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत तिसऱ्या फाटकाशी मी चप्पल नीट करायच्या निमित्तानं उभी राहायची. घरचे वात म्हणायचे. तेल, शेक, सगळं करून झालं.

मॅडमनी कारण सांगितलं: रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज. ऑक्सिजनचेच बिथरलेले कण. शरीराला ते थोडे लागतातही. पण साखर वाढली, तंबाखू आत गेली की ते फार होतात, वाहिनीचं आतलं अस्तर खराब करतात, तिला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड संपवतात. मग वाहिनी ताठरते, आत थर साचतो.

मिस्टरांनी जाहिरातीतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचं विचारलं.

"त्यांनी भागणार नाही. मी लिहिलेली औषधं घ्या. तंबाखू बंद, साखर ताब्यात. रोज दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. नाहीतर पाय धोक्यात येईल."

तंबाखू म्हणजे आमचं मंजन. लग्न झाल्यापासून मी आणि शोभाताई सकाळी मागच्या नळावर एकाच डबीतून दात घासायचो. आमचं खरं बोलणं तिथंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी मी निंबाची काडी घेऊन गेले.

"मोठी डॉक्टरीण झाली वं तू."

"ताई, मी इथंच बसणार. डबी तेवढी तिकडे सरकवा."

चालायला लागले तर शेजारी खुर्च्या बाहेर काढायचे. "काकू, बसा. काऊन जिवाले त्रास देऊन राह्यल्या?" मी एकाही खुर्चीत बसले नाही. दुखणं माझं, पायही माझा, आणि तो मला हवा आहे.

तुमचीही पोटरी चालताना धरत असेल, तर वयावर ढकलू नका. घोट्याचं बीपी मोजायला सांगा.

आता मी न थांबता चौक गाठते. काल शोभाताई सोबत होत्या. तिसऱ्या फाटकाशी त्या वाकल्या आणि चप्पल नीट करू लागल्या. पट्टा धड होता.

"थांब वं जरा," त्या म्हणाल्या.

मी थांबले. आजच्या यादीत पहिलं काम लिहिलं: मॅडमकडे शोभाताईंचा नंबर लावणे. दोनदा विचारलं. अजून नाईच म्हणतात.