अक्कांचा पंप, माझा नंबर

सुरुवातीलाच कबूल करतो. शेतकऱ्यांना वीज वाचवायला सांगणारा मी, स्वतःच्या हूटगळ्ळीच्या घरातला गीझर महिन्यातून तीन-चारदा तरी चालू ठेवून निघून जातो. अर्ध्या रस्त्यात आठवतं, मग घाम फुटतो, मग बायकोला फोन.

"केव्हाच बंद केला," ती म्हणते. "बाकीच्यांना सल्ला देऊन उरला तर थोडा घरी आणा."

या पापाची भरपाई मी दुसऱ्यांचे दिवे बंद करून करतो. एकदा ऑफिसच्या बाथरूमचा दिवा घालवला तेव्हा आत माझी सहकारी होती. त्याची माफी मी तिच्याकडे इतक्या वेळा मागितली, की शेवटी ती म्हणाली, "सर, आता पुन्हा सॉरी म्हणालात तर मी राजीनामा देते."

मी महाराष्ट्रातून इथं म्हैसूरला आलो ते एका कारखान्यातल्या मोटारी सांभाळायला. पन्नाशी जवळ आली तेव्हा मनाने घेतलं, की जन्मभर वीज जाळली, आता थोडी वाचवू. म्हणून एका लहानशा संस्थेत लागलो. काम असं: म्हैसूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात आणि पंपावर जायचं, वीज कुठे वाया जाते ते दाखवायचं. शिवाय, मोटार जळली, वीज दोन दिवस आली नाही, घरातलं कर्तं माणूस आजारी पडलं, तर धंदा कसा चालू ठेवायचा याची तयारी करून घ्यायची. या दुसऱ्या कामाला संस्थेच्या कागदांत भारदस्त नाव आहे. अक्का त्याला "अभद्र बोलायचा तास" म्हणतात.

अक्का म्हणजे शहराबाहेर, वरुणाच्या पलीकडच्या एका गावातल्या, जवळपास माझ्याच वयाच्या शेतकरीणबाई. चार गाई, दीड एकर भात, आणि सहसा न बोलणारे यजमान. त्या बोलतात कन्नड. माझं कन्नड बसच्या तिकिटापुरतं, त्यामुळे मध्ये माझी ती सहकारी असते. ती जुन्या म्हैसूरकर मराठी घरातली. तिची मराठी सुरू होते मराठीत आणि संपते कुठेही.

पहिल्या भेटीत मी अक्कांना त्यांच्या ऑटो स्टार्टरचे तोटे समजावले. या भागात लाईट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून पुष्कळ जण पंपाला तो बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि लाईट जाईपर्यंत पाणी वाहत राहतं, मग शेतात कुणी असो वा नसो. मी अर्धा तास विजेच्या नासाडीवर बोललो.

अक्कांनी शांतपणे विचारलं, "शेतीची वीज आम्हाला फुकट आहे. मग ती वाचवायची कुणासाठी?"

मी गडबडलो. म्हणालो, "वीज फुकट असेल, पण बोअरचं पाणी आटलं तर? मोटार जळली तर?"

"अय्यो, मग हे आधी सांगायचं ना! तुमचं विजेचं होईपर्यंत माझ्या गाईचं रवंथ संपलं."

त्या लगेच तयार झाल्या. ऑटो स्टार्टर निघाला आणि मोबाइल स्टार्टर बसला. ही एक लोखंडी पेटी असते, तिच्यात सिमकार्ड. लाईट आली की पेटी आपल्याला फोन करते, एक बाई ध्वनिमुद्रित कन्नडमध्ये सांगते की करंट आलाय. एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. आपणही पेटीला फोन लावू शकतो. मात्र जो नंबर पेटीत नोंदवलेला असेल, त्याचंच ती ऐकते. नोंदवायचं तर पेटीच्या आतलं बटण दाबून धरावं लागतं.

आता माझा गुन्हा. पेटी बसवली त्या दिवशी अक्कांचा फोन यजमानांच्या खिशात होता आणि यजमान दूध घालायला डेअरीवर गेले होते. मी म्हटलं, दाखवण्यापुरता माझा नंबर टाकू. टाकला. एक दाबला, पाणी आलं, जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारून पेटीवरचं लाल बटणही दाखवलं, "आणि सगळंच बिघडलं तर हे हाताने दाबायचं, मोटार बंद." मग कॉफी आली, चकल्या आल्या. निघालो. नंबर बदलायचा राहिला हे बसमध्ये बसल्यावर आठवलं. म्हटलं, उद्या येऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोकुलम भागातल्या योगाच्या वर्गात उताणा पडलो होतो. कंबरेसाठी बायकोने घातलंय. आजूबाजूला परदेशी विद्यार्थी, प्रेतासारखे स्तब्ध. अशात माझा फोन वाजला आणि घाईत स्पीकर चालू झाला. "नमस्कार! करंट बंदिदे!" बाई खणखणीत आवाजात म्हणाली, म्हणजे करंट आलाय. शेजारच्या मुलीने एक डोळा उघडून माझ्याकडे आदराने पाहिलं. बाई थांबेना. तिला गप्प करायला मी एक दाबला.

दहा मिनिटांनी सहकारीचा फोन. "सर, अक्का एकदम खूश! त्या शेतात पोचल्या आणि मोटार आपली सुरू. म्हणतात, मशीनला कळतं."

इथे मी खरं बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी म्हणालो, "हो, मशीन चांगलंय."

त्या एका वाक्याने मी अक्कांच्या पंपाचा चालक झालो. आणि वेळ कुठली, तर अक्कांनी दोनच दिवसांपूर्वी तरवा टाकलेला, म्हणजे लावणीसाठीच्या रोपांचं वाफ्यात मोड आलेलं भात पेरलेलं. कालव्याला पाणी सुटायला अवकाश होता, सगळी भिस्त बोअरवर. वाफा सुकला तर मोड जळणार. पाणी जास्त झालं तर सुईएवढी रोपं वाहून बांधाच्या कोपऱ्यात गोळा होणार. बियाणं तेवढंच होतं. तरवा गेला असता तर कालव्याचं पाणी आल्यावर सगळं गाव लावणी करत असताना अक्का बांधावर बसून राहिल्या असत्या. आणि हे सगळं अशा माणसाच्या अंगठ्यावर, ज्याच्या गॅलरीत मनीप्लांटही जगत नाही.

हूटगळ्ळीहून वरुणा काही परदेशात नाही. बस जाते. एकदा जाऊन बटण दाबून धरलं असतं तर सुटलो असतो. पण रोज सकाळी वाटायचं, काल सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, आज आणखी वाईट दिसेल. अशा रीतीने दिवस वाढत गेले.

पाणी किती द्यायचं हे कळावं म्हणून मी सहकारीच्या टेबलाशी घुटमळू लागलो.

"मॅडम, अक्कांचा तरवा कसा आहे हो?"

"सकाळीच विचारलं अल्वा तुम्ही?" अल्वा म्हणजे "ना".

"तरी विचारा. वाफा ओला आहे का, किती ओला आहे."

ती फोन लावायची. मग सांगायची, "म्हणतात, वरचं सुकायला लागलंय." मी जिन्यात जाऊन पेटीला फोन करून एक दाबायचो. थोड्या वेळाने पुन्हा टेबलाशी. "आता?" "आता साकु म्हणतात. पुरे." पुन्हा जिना, दोन. सहकारीने एकदा विचारलं, "सर, तुम्हाला पोट बिघडल्यासारखं होतंय का? सारखे बाहेर जाता." मी हो म्हणालो. म्हणजे आणखी एक खोटं. तिने दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जिऱ्याचं पाणी आणलं, ते मी मान खाली घालून प्यायलो.

सहाव्या दिवशी आमची कार्यशाळा होती. विषय तोच, अभद्र बोलायचा. चाळीस शेतकरी आले होते आणि अक्का पहिल्या रांगेत, कारण नव्या स्टार्टरबद्दल त्यांनी चार शब्द बोलायचे होते. कार्यशाळेत रिंगटोन वाजू नयेत म्हणून दारातच सगळ्यांचे फोन बांबूच्या बुट्टीत ठेवायचे, असा नियम आहे. नियम माझा.

मी दाराशी पोचलो आणि फोन वाजला. करंट बंदिदे. म्हटलं, वीस मिनिटं चालू दे, मग बंद करू. एक दाबला. तेवढ्यात सहकारी बुट्टी घेऊन पुढ्यात उभी. "सर, तुम्ही पहिले. बघून बाकीचे ठेवतील." माझ्यामागे चाळीस माणसं. मी ठेवला. त्यावर चाळीस फोन पडले.

वीस मिनिटं झाली. मी वीज गेल्यावर दूध कसं टिकवायचं ते सांगत होतो, नजर बुट्टीवर. अर्धा तास झाला. मला भिंतीवरच्या पंख्याच्या आवाजातही पाणी ऐकू येऊ लागलं. कुणाला सांगू, काय सांगू? "जरा माझा फोन द्या," एवढंसुद्धा तोंडातून फुटेना, कारण दहाच मिनिटांपूर्वी डेअरीच्या चेअरमनना मागूनही मी फोन परत दिला नव्हता. पाऊण तास झाला. पुढचा कागद उचलला, त्यावरचा प्रश्न मीच लिहिलेला होता. मोठ्याने वाचला:

"तुमच्या धंद्यात अशी कोण व्यक्ती आहे, की जी तासभर हाती लागली नाही तर मोठं नुकसान होईल?"

आणि कागद खाली ठेवला.

समोर अक्का हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मला त्या तशाच बांधावर बसलेल्या दिसल्या. मग मी भाषांतरासाठी न थांबता मराठीतच बोलत सुटलो. डेअरीवर गेलेला फोन, माझा नंबर, चकल्या, योगाचा वर्ग, जिना, जिऱ्याचं पाणी. मी म्हणालो, अक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी सहा दिवस भित्र्यासारखा गप्प बसलो, आत्ता या क्षणी त्यांचा तरवा वाहून जातोय आणि तो मी वाहवतोय. बहुतेक माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच मिनिटं तरी बोललो असेन.

सहकारीने सभेकडे वळून त्याचं कन्नड केलं. तीन शब्दांत.

सगळी सभा हसली.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी घाबरून विचारलं.

"सर कबूल झाले."

"कबूल झाले म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"मला, अक्कांना, त्यांच्या सगळ्या गल्लीला. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी पेटीला फोन लावला. ती म्हणाली, तुमचा नंबर नोंदलेला नाही. मग नोंदलेला कुणाचा? पेटीला हात कुणी लावलेला?"

"मग मला सांगायचं नाही?"

"अक्का म्हणाल्या, बेडा, राहू दे. कसं छान चाललंय. तू मला फोन करतेस, मी म्हणते सुकलंय, तू सरांना सांगतेस, सर जिन्यात पळतात, पाणी येतं."

"पण आत्ता! पाऊण तास झाला, मोटार चालू आहे!"

हे भाषांतर न करताच अक्कांना कळलं. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि एकेक शब्द सुटा करून, मला समजेल अशा कन्नडमध्ये म्हणाल्या, "सार, बसा. यजमान तिथे आहेत. लाल बटण आहे. तुम्हीच दाखवलंत ना?"

मी बसलो. लाल बटण मी साफ विसरलो होतो.

"सकाळी निघताना मी त्यांना म्हटलं," अक्का आता सभेला सांगत होत्या आणि सहकारी माझ्या कानाशी मराठीत, "की आज सरांना भाषण आहे. भाषणात माणसाला भान नसतं. पाच मिनिटं पाणी झालं की तुम्ही दाबा." मग सभेकडे हात करून, "सर चांगले आहेत. पण एकच आहेत. बसखाली आले तर?"

टाळ्या पडल्या. संस्थेचा सगळा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला होता, तोही माझ्या मरणाचं उदाहरण देऊन. डेअरीचे चेअरमन म्हणाले, आता तरी माझा फोन द्या.

दुपारी मी त्यांच्याबरोबरच बसने गेलो. मला डोळ्यांनी पाहायचं होतं. वाफा जसाच्या तसा होता, नुसता ओलसर, त्यावर पोपटी सुया उभ्या. शेजारी उलट्या घमेल्यावर यजमान छत्री उघडून बसलेले. मला पाहून ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "सार, तुम्ही थोडं जास्त पाणी देता. रोजच. मी रोज थोडं आधी बंद करतो."

म्हणजे सहा दिवस जिन्यात धावून मी जो दोन दाबत होतो, तो बंद मोटारीला.

मी पेटी उघडली आणि बटण दाबून धरून अक्कांचा नंबर घातला. मग मनातला प्रश्न विचारलाच. "अक्का, दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, तर रागावला का नाहीत?"

अक्का गाईसाठी गवताचा भारा बांधत होत्या. "दिवसातून चारदा कुणी विचारतं का, तरवा कसा आहे म्हणून? यांनी कधी विचारलं?" यजमानांनी छत्री किंचित खाली केली. "सांगितलं असतं तर तुम्ही विचारायचं थांबला असता."

मी पेटीचं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. सहकारीलाही भाषांतर करून झाल्यावर उगाच पेटीचं दार पुसावंसं वाटलं.

"पेटीत दोन नंबर बसतात ना?" अक्का म्हणाल्या. "दुसरा तुमचा राहू दे. मी लग्नाला गेले तर?"

लावणी वेळेवर झाली. आता पेटी आधी अक्कांना फोन करते आणि त्यांनी उचलला नाही तर मला. त्यांच्या घराण्यात लग्नं फार आहेत.

कार्यशाळेचे भरलेले कागद नंतर माझ्या टेबलावर आले. अक्कांचा कागद घरी यजमानांनी भरला होता, टपोऱ्या कन्नड अक्षरांत. सहकारीने वाचून दाखवला. धंद्यातली अशी व्यक्ती, जी हाती लागली नाही तर नुकसान होईल: मोटारवाले सर. त्यांच्याऐवजी काय तयारी आहे: लाल बटण.

तो कागद संस्थेच्या फायलीत लावायला हवा. माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. तेही एकदा सांगून टाकायला हवं.